तबकडी फुटली की नाही? ट्रॅप-स्कीटच्या नव्या पंचांसाठी

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं रायफल नेमबाजीत ऑलिंपिक ब्राँझ जिंकलं. तिथे त्याच्या प्रत्येक गोळीचे गुण इलेक्ट्रॉनिक टार्गेटनं दशांशापर्यंत मोजून दिले. तीनच दिवसांनी त्याच संकुलात महिलांच्या स्कीटचं, म्हणजे यंत्रानं हवेत फेकलेल्या तबकड्या छऱ्यांच्या बंदुकीनं फोडण्याच्या एका प्रकाराचं, सुवर्ण ठरलं, ते मात्र माणसाच्या डोळ्यांवर. ब्रिटनची अँबर रटर आणि चिलीची फ्रान्सिस्का क्रोवेट्टो ६० पैकी ५५ वर बरोबरीत होत्या. बरोबरी सोडवणाऱ्या शूट-ऑफमध्ये रटरची एक तबकडी ‘मिस’ दिली गेली. रिप्लेमध्ये तिचा तुकडा उडाल्यासारखा दिसत होता, पण इतर मोठ्या स्पर्धांत असते तशी व्हिडिओ पडताळणी तिथे नव्हती. निर्णय कायम राहिला आणि रटरला रौप्यावर थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी मिश्र स्कीटमध्ये आपल्या महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं ब्राँझ ४३-४४ असं हुकलं. तिथे वाद काही नव्हता, पण एका तबकडीची किंमत केवढी असते ते सगळ्या देशानं पाहिलं.

रायफल-पिस्तूलमध्ये टार्गेट स्वतःच गुण सांगतं. शॉटगनमध्ये, म्हणजे ट्रॅप आणि स्कीटमध्ये, गुण पंच देतो, आणि तबकडीचे तुकडे गवतात पडले की पुरावा म्हणून काही उरत नाही. म्हणून या कामात येणाऱ्या नव्या माणसानं एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगी बाणवावी, असं मला मनापासून वाटतं: जे दिसलं तेच द्यायचं. काय झालं असेल, काय व्हायला हवं होतं, नेमबाज किती चांगला आहे, यातलं काहीही निर्णयात येऊ द्यायचं नाही. पुढचं सगळं याच एका सवयीसाठी आहे. नियम आयएसएसएफचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे धरले आहेत, कारण एनआरएआयच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या, राष्ट्रीय स्पर्धा त्यांवरच चालतात.

आधी खेळ पुरता समजून घ्या

तबकडी पिच आणि चुनखडीच्या भुकटीची असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन साधारण १०५ ग्रॅम. मुद्दाम ठिसूळ केलेली असते, तरी प्रत्येक छऱ्यानं फुटेलच असं नाही. काडतुसात छरे असतात २४ ग्रॅम.

ट्रॅपमध्ये समोरच्या खंदकात १५ यंत्रं असतात, प्रत्येक स्टेशनसमोर तीन. नेमबाज १५ मीटर मागे पाच स्टेशनांवर उभे राहतात. कोणत्या यंत्रातून तबकडी येणार हे त्यांना माहीत नसतं. एका तबकडीला दोन काडतुसं मिळतात आणि पात्रता फेरीत पहिल्या बारानं फोडली काय, दुसऱ्यानं फोडली काय, गुण एकच. स्कीटमध्ये दोन बाजूंना उंच आणि बुटकं अशी दोन घरं, आठ स्टेशनं, तबकडीची वाट ठरलेली, पण काडतूस एकच. शिवाय तबकडी दिसेपर्यंत बंदूक खाली, जॅकेटवरच्या पट्टीपाशी ठेवावी लागते आणि हाक दिल्यावर तबकडी लगेच ते तीन सेकंद यांत कधीही सुटते. फेरी २५ तबकड्यांची, पात्रतेला अशा पाच फेऱ्या, म्हणजे १२५. एकत्र फेरी मारणाऱ्या गटात, म्हणजे स्क्वाडमध्ये, साधारण सहा जण.

ज्याला पंच व्हायचं आहे त्यानं एकदा तरी स्वतः स्टेशनवर उभं राहून दोन-चार फेऱ्या माराव्यात. हाक दिल्यावर छाती कशी धडधडते आणि कडेला कोणी हललं तरी लक्ष कसं उडतं, हे पुस्तकातून कळत नाही.

हिट म्हणजे काय

नियमानुसार सोडलेल्या तबकडीचा किमान एक तुकडा सुटताना दिसला, तर हिट. या वाक्यातला ‘दिसला’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. नुसता धुरळा उडाला आणि तबकडी अख्खी पुढे गेली, तर ती मिस. फ्लुरोसंट रंग उडून क्षणभर केशरी ढग दिसतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, नेमबाज बंदूक उघडतो, तरी ती मिसच. छऱ्यानं भोक पडलं पण तुकडा सुटला नाही, तीही मिस.

यातूनच एक नियम येतो, जो नवख्यांना विचित्र वाटतो: मैदानात पडलेली तबकडी उचलून तिला लागलं होतं का ते तपासायला मनाई आहे. कारण सरळ आहे. गवतात पडलेली तबकडी या नेमबाजाची की आधीच्या स्क्वाडची, भोक छऱ्याचं की आपटून पडलेलं, हे कोण सांगणार? निर्णय हवेतच व्हायला हवा.

नवशिक्याला सगळ्यात जास्त फसवते ती काडतुसातली प्लॅस्टिकची वॅड. बार झाला की छऱ्यांमागोमाग ती बाहेर पडते, थोडं अंतर जाऊन गिरक्या घेत खाली येते. तबकडी त्याच रेषेत असली तर वॅड हुबेहूब सुटलेल्या तुकड्यासारखी दिसते. फरक ओळखायची खूण अशी, की तुकडा तबकडीच्या वेगानं पुढे जात जात बाजूला सरकतो. वॅड मात्र तबकडीच्या बरीच अलीकडे, नेमबाजाच्या बाजूला, हवेत अडखळल्यासारखी पडते. सरावाच्या दिवशी अर्धा तास फक्त वॅड बघत बसा. हे शिकण्यात गेलेला वेळ फुकट जात नाही.

उभं कुठे राहायचं

उत्तर गोलार्धात रेंज शक्यतो उत्तर ते ईशान्येकडे तोंड करून बांधतात, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. तरीही सकाळी किंवा संध्याकाळी एखाद्या कोनातून उजेड डोळ्यांवर येतोच. स्पर्धेआधी नेमबाजांच्या मागच्या बाजूला चालत फिरा आणि अशी जागा शोधा जिथून खंदक, पाचही स्टेशनं आणि तबकडीची पार्श्वभूमी एका नजरेत येईल. झाडांच्या गर्द रांगेवर तुकडा चटकन दिसतो, पण पांढुरक्या ढगांवर बारीक चिपी हरवते. कोणत्या उंचीवर पार्श्वभूमी बदलते ते आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी दचकायला होत नाही.

सहायक पंच हे बहुधा नेमबाजच असतात, साधारणपणे नुकत्याच संपलेल्या स्क्वाडमधले. बोलावल्यावर यायला नकार दिला तर नेमबाजाच्या गुणांतून एक तबकडी कापली जाऊ शकते, इतकं हे काम महत्त्वाचं मानलं आहे. पण दमलेला नेमबाज डोक्यात आपलीच फेरी घोळवत उभा असतो. फेरी सुरू होण्याआधी त्याच्याशी थेट बोला: “तबकडी मिस झाली असं तुम्हाला वाटलं की लगेच हात वर करायचा. माझ्याकडे बघून ठरवायचं नाही.” शेवटचं वाक्य आवर्जून म्हणा. मुख्य पंचाचा चेहरा वाचून हात वर करणारा सहायक काही कामाचा नाही. अंतिम निर्णय पंचाचाच असतो, पण वेगळं मत दिसलं तर क्षणभर थांबून विचार करणं हे पंचाचं कर्तव्य आहे.

फेरीआधी प्रत्येक यंत्राची एक तबकडी सोडून दाखवा. ते नेमबाजांसाठी असतंच, पण पंचासाठीही असतं. आज वारा कसा आहे आणि कोणत्या यंत्राची तबकडी डगमगते आहे, हे तिथेच कळतं.

बार झाल्यानंतरचा अर्धा सेकंद

इथे खरी परीक्षा. तबकडी ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगानं निघते. ट्रॅपमध्ये ती नेमबाजापासून तीस-पस्तीस मीटरवर असताना बार होतो आणि सगळं संपतं.

नवा पंच बहुतेक वेळा नेमबाजाकडे बघतो. ही सवय मोडायला हवी. नेमबाज स्टेशनवर आल्यावर त्याचे पाय आणि बंदूक बघा, स्कीट असेल तर कोपराजवळची पट्टी आणि बंदुकीचा दस्ता बघा. तो हाक द्यायला तयार झाला की नजर तबकडी जिथून निघणार तिथे आणा. तबकडी बाहेर पडताना अख्खी आहे ना, हे पहिल्यांदा बघा. मग तिचा मागोवा घ्या आणि बार झाल्यावरही तिच्यावरच राहा. तुकडे दिसले तरी क्षणभर जास्त राहा. अख्खी दिसली तर आणखी थोडा वेळ राहा, कारण छोटी चिपी उशिरा वेगळी होताना दिसते.

आवाजावर निर्णय देऊ नका. नेमबाजाच्या चेहऱ्यावर देऊ नका, मागून कोच “यस!” म्हणाला म्हणून तर नाहीच नाही. अनुभवी नेमबाजाला मिस झाल्याचं कळतं आणि तो मान हलवतो; मान हलताना बघून मिस देणारा पंच लवकरच उलट्या बाजूनंही फसतो.

मिस असेल तर खूण लगेच, स्पष्ट आणि प्रत्येक वेळी तशीच द्यायची. पहिल्या मिसला हळूच आणि पाचव्या मिसला जोरात असं होऊ नये. दोन सेकंद घुटमळलात तर ती शंका सगळ्या रेंजला दिसते. आणि खरोखरच दिसलं नसेल तर? मग जवळच्या सहायकांकडे वळा, विचारा, ठरवा. ‘बहुतेक फुटली असावी’ म्हणून हिट देणं हे नेमबाजावर उपकार नाहीत. त्याच स्क्वाडमधल्या बाकीच्या पाच जणांकडून काढून घेतलेली ती तबकडी असते.

नो टार्गेट

यंत्रातून फुटूनच निघालेली तबकडी नेहमी नो टार्गेट. नेमबाजानं तिच्यावर बार टाकला, तिचे आणखी तुकडे केले तरी तिचा निकाल धरायचा नाही, पुन्हा द्यायची. म्हणूनच तबकडी अख्खी निघाली का, हे आधी बघायचं. एकीऐवजी दोन निघाल्या, वेगळ्या रंगाची आली, चुकीच्या यंत्रातून आली, हाकेच्या आधी किंवा बऱ्याच उशिरा निघाली, हेही नो टार्गेटमध्ये येतं. ट्रॅपवर यंत्र माइकवर चालतं, त्यामुळे शेजारच्या रेंजवरच्या हाकेनं किंवा कोणाच्या ओरडण्यानं तबकडी सुटू शकते. अशा वेळी नेमबाज बंदूक खाली घेतो आणि पंचाकडे बघतो. तिथे ठाम आवाज हवा.

शक्य तितक्या वेळा नेमबाजानं बार टाकण्याआधी “नो टार्गेट” ओरडा. बार आणि तुमची हाक एकदमच झाली तरी हाक खरी मानायची, मग तबकडी फुटलेली असो की नसो. मात्र नेमबाजानं बार टाकून मिस केली आणि मग म्हणाला की तबकडी वाकडी गेली, उशिरा सुटली, तर तो दावा चालत नाही. नको होती तर मारायची नव्हती. हे स्क्वाडला माहीत असतं, तरी काही जण पंच नवा आहे हे बघून प्रयत्न करतात. शांतपणे मिस लिहा आणि पुढे चला.

बंदूक अडली तर नेमबाजानं ती मैदानाच्या दिशेनं धरून तशीच ठेवायची, उघडायची नाही, सेफ्टीला हात लावायचा नाही. पंचानं तपासण्याआधी त्यानं बंदूक उघडली तर ती तबकडी गेली. हा नियम कडक वाटतो, पण उघडलेल्या बंदुकीत काय झालं होतं ते कोणालाच सिद्ध करता येत नाही.

“सर, प्रोटेस्ट”

नेमबाजाला निर्णय पटला नाही तर पुढची तबकडी सुटण्याआधी त्यानं हात वर करून ‘प्रोटेस्ट’ किंवा ‘अपील’ म्हणायचं असतं. हा त्याचा हक्क आहे. कपाळाला आठी घालू नका.

फेरी थांबवा. सहायकांना एकेक करून विचारा, एकत्र गोळा करून नव्हे. “तुम्ही काय पाहिलं?” एवढंच विचारायचं. “मिस होती ना?” असं विचारलंत तर उत्तर तुम्हीच दिलंत. ऐकून घ्या, ठरवा, मोठ्यानं सांगा. हिट, मिस, नो टार्गेट यांबाबत पंचाचा निर्णय अंतिम असतो, त्यावर ज्यूरीकडेही, म्हणजे स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या मंडळाकडेही, अपील चालत नाही. पण हा अधिकार इतका मोठा आहे म्हणूनच बदलायची तयारीही हवी. दोन्ही सहायकांना तुकडा स्वच्छ दिसला असेल आणि तुमच्या नजरेसमोर त्या क्षणी ऊन असेल, तर निर्णय बदला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बदला. पण नेमबाज रागावला, किंवा तो मोठा खेळाडू आहे, म्हणून निर्णय कधीही बदलू नका.

नेमबाजांनाही इथे सांगावंसं वाटतं: तुमची मिस तबकडी चुकून हिट लिहिली गेली आणि तुम्हाला ते माहीत असेल, तर तिथल्या तिथे हात वर करा. असे खेळाडू या खेळात आहेत आणि त्यांच्या प्रोटेस्टला पंच जास्त गांभीर्यानं घेतात.

गुणपत्रिका

मोठ्या रेंजवर इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, पण क्लबच्या स्पर्धांत अजूनही कागद, पेन आणि पॅड. बहुतेक ठिकाणी हिटला तिरकी रेघ, मिसला शून्य.

चुका होतात त्या दोन ठरलेल्या ठिकाणी. ट्रॅपमध्ये नेमबाज प्रत्येक तबकडीनंतर एक स्टेशन उजवीकडे सरकतात, त्यामुळे तीन नंबरच्या स्टेशनवर उभा असलेला माणूस तीन नंबरचा नेमबाज नसतो. नवा स्कोअरर स्टेशन बघून लिहितो आणि एकाची मिस दुसऱ्याच्या ओळीत जाते. नेमबाजाच्या पाठीवरचा नंबर बघा, नाव हळूच पुटपुटा, मग लिहा. दुसरी चूक नो टार्गेटची. आधी रेघ मारली, मग तबकडी पुन्हा दिली, पुन्हा रेघ मारली, आणि तिथून पुढे त्याची सगळी ओळ एका चौकोनानं सरकली. नो टार्गेटला काहीही लिहायचं नाही. पेन कागदापासून वर ठेवा.

दोन स्कोअरर असतील तर दोघांनी आपापलं लिहावं. शेजारच्याच्या कागदात डोकावून लिहिलेली दुसरी पत्रिका म्हणजे त्याच चुकीची नक्कल. सगळ्यांच्या पाच-पाच तबकड्या झाल्या की बेरजा जुळवून घ्या. तफावत पाचव्या तबकडीला सापडली तर कोणाला तरी आठवतं, पंचविसाव्याला सापडली तर कोणालाच आठवत नाही. खाडाखोड झाली तर जुनी खूण वाचता येईल अशी एक रेघ मारा, बाजूला बरोबर खूण करा आणि पंचाची सही घ्या.

फेरी संपल्यावर प्रत्येकाचे गुण मोठ्यानं वाचा. नेमबाजानं रेंज सोडण्याआधी सही करायची. एकदा तो निघून गेला की फक्त बेरजेची चूक दुरुस्त होऊ शकते. घाईत बंदूक कव्हरमध्ये घालत निघालेल्या पोराला हाक मारून परत बोलवा. सही घ्यायला अर्धा मिनिट लागतो.

ओळखीच्या माणसांचं काय

शॉटगनचं जग लहान आहे. रेंज थोड्या, काडतुसं महाग, नेमबाज एकमेकांच्या घरी जेवलेले. क्लबच्या स्पर्धेत कधी देणगीदार साहेब नेम धरतात, कधी तुमच्याच कोचची मुलगी. त्यांच्याबाबतीत डोळा कानाडोळा करायला शिकतो. तो जाणूनबुजून खोटं बोलत नाही, फक्त धुरळ्यात तुकडा बघू लागतो. आणि उलटंही होतं: पक्षपाताचा आरोप नको म्हणून ओळखीच्या माणसाला चिपी असूनही मिस दिली जाते. दोन्ही सारखंच अन्यायाचं.

उपाय आधी करायचे असतात. जवळचा नातेवाईक किंवा शिष्य ज्या स्क्वाडमध्ये आहे ती फेरी दुसऱ्या पंचाला द्या, आणि हे आदल्या दिवशी सांगा, ऐन वेळी नाही. फेरी चालू असताना बोर्डवरचे एकूण गुण बघू नका. अमुक जण २३ पैकी २३ वर आहे हे कळलं की चोविसावी तबकडी वेगळी दिसायला लागते. कॉफी, चहा, गप्पा सगळं फेरीनंतर.

सुरुवात कुठून

पहिले काही महिने स्कोअरर म्हणून बसा. मग सराव फेऱ्यांमध्ये मुख्य पंचाच्या मागे उभं राहून प्रत्येक तबकडीचा निर्णय मनात द्या, तो काय देतो याच्याशी ताडून पाहा आणि जिथे वेगळं आलं तिथे फेरीनंतर त्याला विचारा. क्लबच्या स्पर्धा झाल्या की राज्य संघटनेमार्फत एनआरएआयच्या अभ्यासक्रमाला जा. आयएसएसएफमध्ये शॉटगन पंचाचा परवाना ज्यूरीच्या परवान्यापेक्षा वेगळा असतो आणि त्यासाठी डोळ्यांची तपासणी लागते. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर आधी चष्मा बदला, मग अर्ज करा. नियमावली दर ऑलिंपिक चक्रात सुधारून येते. घरात पडलेल्या जुन्या प्रतीवर विसंबू नका.

शूट-ऑफ घ्यायची घाई मात्र करू नका. १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत बिकानेरचे ट्रॅप नेमबाज महाराजा करणीसिंग पहिल्या क्रमांकावर बरोबरीत होते आणि टायब्रेकमध्ये रौप्यावर आले. आज दिल्लीच्या तुघलकाबादची रेंज त्यांच्या नावानं आहे. असे निकाल एका तबकडीवर ठरतात आणि तिथे मागे वळून विचारायला वेळ नसतो. आधी पात्रता फेऱ्या भरपूर घ्या, ढगाळ दिवशी घ्या, वाऱ्यात घ्या, तुमच्यापेक्षा जुन्या पंचाला सहायक म्हणून बोलावून घ्या. बारीक चिपीवर त्याचा हात आणि तुमची खूण पुन्हा पुन्हा एकाच क्षणी यायला लागली, की मग शूट-ऑफसाठी नाव द्या.